पाळकसाहेबांचे गुण आणि आमच्या चिठ्ठ्या

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

झालं! माझ्याच वाट्याला हे यायचं होतं.

आमच्या चर्चचे दयाराम पाळक वारले त्याला येत्या दोन मार्चला वर्ष होतं. स्मरणसभा घ्यायची हे ठरलेलंच होतं. आज उपासना संपल्यावर नवीन पाळक प्रज्वल उभे राहिले आणि म्हणाले, नुसती भाषणं नकोत. भाषणं ऐकून लोक घरी जातात आणि झोपतात. (आमची मंडळी घरी जाईपर्यंत थांबत नाही, पण ते नवीन आहेत.) त्यापेक्षा प्रत्येकानं पाळकसाहेबांचा एकेक गुण घ्यावा, महिनाभर तसं वागून बघावं, आणि स्मरणसभेत उभं राहून काय झालं ते सांगावं.

ही पुण्याची कल्पना. प्रज्वल पाळक पुण्याहून आले आहेत, तिकडं अशा कल्पना निघतात. जळगाव जामोदला निघत नाहीत आणि आमचं काही अडलेलं नाही.

लोक एकेक गुण सांगत गेले, पाळक चिठ्ठ्या लिहून दानाच्या थैलीत टाकत गेले. मग थैली फिरली.

माणिकराव म्हणजे आमच्या मंडळीचे सेक्रेटरी, मेन रोडला कापडाचं दुकान. त्यांना निघालं, ‘नेहमी खरं बोलणे’. चिठ्ठी वाचून त्यांनी ती परत थैलीत टाकायचा प्रयत्न केला. पाळकांनी हात धरला.

अन्नपूर्णाबाई माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून. इतकी वर्षं शेजारी राहून तिचा आवाज मी धड ऐकलेला नाही, बाई बोलते की श्वास घेते ते कळत नाही. तिला निघालं, ‘खुल्या गळ्याने स्तुतिगीत गाणे’.

आमच्या ह्यांना निघालं, ‘प्रेमाने कोणी खाऊ घातले तर नाही न म्हणणे’. हे एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले, तेव्हापासून ह्यांना शुगर आहे. चिठ्ठी वाचून हे एवढे मोठे हसले की लग्नाच्या फोटोतसुद्धा तसं हसू नाही.

आणि मला — ‘सल्ला न देता ऐकून घेणे’.

सगळी मंडळी हसली. मागच्या बाकावरून कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी नाही हसले. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होते मी. लोकांना सल्ला देण्याचा मला पगार मिळत होता!

म्हणून ही वही. तोंडानं बोलायचं नाही ते इथं बोलणार.


सोमवार, ३ फेब्रुवारी

ह्यांनी सकाळी माणिकरावांकडं शिरा खाल्ला. तिथून निघाले तर रस्त्यात कोणाकडं तरी गुलाबजाम. दुपारी घरी येऊन सांगितलं, काय करू, प्रेमानं देऊन राह्यले व्हते.

मी जीभ चावली. खरोखरची चावली. अजून दुखते आहे.


मंगळवार, ४ फेब्रुवारी

अन्नपूर्णाबाई पहाटे गायला लागली.

पहिल्यांदा मला वाटलं पाण्याची मोटर आहे. एकाच सुरात, लांब, मध्येच अडकून पुन्हा सुरू. हे उठून मोटर बंद करायला गेले तर मोटर बंदच होती.

आवाज कुठून काढायचा, पोटातून की घशातून, हे मी तिला दोन मिनिटांत शिकवलं असतं. नाही शिकवलं. कांदे चिरले. आठवडाभराचे चिरून ठेवले.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

पाळकसाहेब गायचे ते आठवलं. काय तो आवाज! पेटीवाला एका पट्टीत, मंडळी दुसऱ्या पट्टीत आणि पाळकसाहेब सातपुड्याच्या पलीकडे कुठेतरी. पण असे जोरात आणि आनंदानं गायचे की शेवटी पेटीवालाच पट्टी बदलायचा.

आणि तो बाप्तिस्मा! संग्रामपूरच्या सिलासला तलावात बाप्तिस्मा देत होते. कमरेएवढं पाणी. पाळकसाहेबांनी तोंड उघडलं आणि वरची कवळी पाण्यात गेली. दुसरा कोणी असता तर थांबला असता. ते थांबले नाहीत. तसंच म्हणाले, “फिलाफ, मी तुले बाफ्तिफ्मा देतो.” काठावर आम्ही सगळ्यांनी रुमाल तोंडात कोंबले. प्रार्थना संपल्यावर मात्र स्वतःच हसायला लागले. मग सगळी मंडळी पाण्यात उतरून पायानं कवळी चाचपत होती. सापडली सिलासलाच, त्याच्याच टाचेखाली. त्या पोराला अजून सगळे फिलाफ म्हणतात, परवा त्याच्या लग्नपत्रिकेतसुद्धा कंसात तसं छापलं होतं.

अशा माणसाचे गुण घ्यायचे म्हणजे काय चेष्टा आहे का.


रविवार, ९ फेब्रुवारी

माणिकरावांच्या दुकानात गोंधळ.

संग्रामपूरकडचं कोणतं तरी घर लग्नाच्या साड्या घ्यायला आलं होतं. वरमाईनं एक मोरपंखी साडी अंगावर टाकून विचारलं, कशी दिसते? माणिकराव म्हणाले, तंबू दिसते. एवढ्यावर थांबावं की नाही! रंग पहिल्या धुण्यात जाईल हेही सांगितलं. वरमाई रडली, वरबाप भांडला, नवऱ्या मुलानं मात्र म्हणे हळूच हात मिळवला.

हे सगळं मला माणिकरावांच्या घरून कळलं, कारण त्यांची बायको माझ्याकडं येऊन बसली होती. सकाळी तिनं वांग्याचं भरीत वाढलं, तर माणिकराव म्हणाले, तुझ्या भरितात वीस वर्षांपासून मीठ जास्त असते. वीस वर्षांचं एकदम काढलं! ती बोलत राहिली, मी ऐकत राहिले. मधे दोनदा ‘हं, मंग?’ म्हटलं. पाळकसाहेब असंच म्हणायचे. हं, मंग? बस.

जाताना ती म्हणाली, “सिस्टर, तुमच्याशी बोलून लय बरं वाटलं.” मी तर काही बोललेच नव्हते!


मंगळवार, ११ फेब्रुवारी

हे चूक झालं. मी फुकट ऐकते ही बातमी गावभर गेली आहे.

सकाळपासून तिघीजणी येऊन गेल्या. एकीची सासू, एकीचं घुटणं, एकीची सून. घुटण्याचं औषध माझ्या जिभेच्या टोकावर होतं. गिळलं. चौथी आली तेव्हा मी मागच्या दारानं निघून घोळाण्यासाठी हरभऱ्याचा कोवळा पाला आणायला गेले, तर बांधावर भाजीवाली होती. तिला जावयाचं सांगायचं होतं.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

ह्यांनी आज श्रीखंड खाल्लं. मिटक्या मारत घरी आले आणि माझ्याकडं बघत उभे राहिले. मी गहू निवडत होते. हे अजून उभे. मग म्हणाले, “काऊन काही म्हनत नाही तू?”

मी म्हटलं, ऐकून राह्यले.

“अवं पन काही म्हन ना!”

नाही म्हटलं. हे जरा वेळ बाजेवर बसले, मग उठले आणि स्वतःच दवाखान्यात जाऊन शुगर तपासून आले. शुगर झाल्यापासून पहिल्यांदा, मी न सांगता. आकडा मला दाखवला नाही. पण संध्याकाळी चहा बिनसाखरेचा मागितला.

झोपताना म्हणाले, “तू बोंबलत होती तं वाटे, काळजी तुह्याकडं हाय, मी मोकळा. आता सारी माह्याच डोक्यावर आली.”

मी हे पाळकसाहेबांना सांगितलं असतं तर किती हसले असते.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अन्नपूर्णाबाईच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात कोणाची तरी म्हैस शिरली. दरवर्षी शिरते. दरवर्षी बाई दारातून “हड हड” म्हणते आणि म्हैस जेवण पूर्ण करून जाते.

आज बाईनं गळा उघडला. दहा दिवसांच्या गाण्याचा सराव! म्हैस गेली, म्हशीचा मालक गेला, आमच्या घरावरचं कबुतरही गेलं. मी भिंतीवरून डोकावले तर बाई हातात खराटा घेऊन स्वतःच दचकलेली. म्हणाली, “सिस्टर, हा माहा आवाज व्हता काय?”

हाव, म्हटलं. तुमचाच.


रविवार, १६ फेब्रुवारी

आज हसायचं काही नाही.

हिमानी, आमची मुलगी, पुण्याला एका कंपनीत आहे. दर रविवारी ह्यांना फोन करते. मला नाही. दोन नाताळांपूर्वी मी तिला न विचारता एक स्थळ घरी जेवायला बोलावलं होतं. मुलगा, आई, बाप, मामा. ती केक कापत होती तेव्हा मी हळूच सांगितलं की पुढच्या खोलीत जे बसले आहेत ते पाहुणे म्हणजे कोण. तिनं सुरी ठेवली, बॅग उचलली आणि खामगावची गाडी पकडली. मामांनी केक खाल्ला.

तेव्हापासून माझ्याशी ‘बरी आहे, जेवले, ठेवते’ एवढंच.

आज हे कोणाकडं तरी जेवायला गेले आणि फोन घरी विसरले. मी उचलला.

“बाबा?”

बाबा जेवायला गेले, म्हटलं. मी आहे.

एरवी मी लगेच सुरू झाले असते — वजन किती, झोप होते का, बाहेरचं खातेस का, तो खोकला गेला का. पदराचं टोक दातात धरलं.

“आई, नेटवर्क गेलं का?”

“नाही. ऐकून राह्यले.”

मग ती बोलली. पहिल्यांदा इकडचं तिकडचं. घरमालकीण, ऑफिसातला एसी. मग एकदम म्हणाली की सप्टेंबरात तिला छातीत गाठ लागली होती. तपासणी झाली, ऑपरेशन झालं. डिंपल म्हणून मैत्रीण आहे, ती सोबत होती. गाठ साधी निघाली. आता काही नाही.

मी गावोगाव फिरून बायकांना सांगत आले, अशी तपासा, इथं दाबून बघा, लाजू नका. हजार बायकांना सांगितलं असेल. आणि माझ्या पोरीला टेबलावर नेलं तेव्हा मी इथं पापड लाटत होते.

“तुला सांगणार होते आई. फोन हातात घेतला होता. पण तू मला घाबरूच दिलं नसतंस. आणि मला थोडं घाबरायचं होतं.”

किती बोलायचं होतं! कोणता डॉक्टर, रिपोर्ट कुठंय, टाके कसे आहेत, अशी कशी गप्प राहिलीस. मी फक्त म्हटलं, “मंग?”

मग ती बोलतच राहिली. भूल देताना डिंपलनं तिचा हात धरला होता तर नर्सनं डिंपलला बाहेर काढलं, आणि तेव्हा तिला वाटलं की आई नर्सच्या कपड्यात आत येईल आणि त्या नर्सला झापेल. हे सांगताना ती हसली. मीही हसले. मग ती रडली.

फोन ठेवल्यावर मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि बसले. पलीकडून अन्नपूर्णाबाईचं सुरू होतं, मोटरच्या सुरात. आज ते बरं वाटलं.


सोमवार, १७ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. हे बाहेर जाऊन गाडी पुसत बसले. गाडी कालच पुसली होती.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

तेव्हाचं सारखं आठवतं आहे. हिमानी भांडून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांकडं गेले होते. त्यांच्या अंगणात आंब्याखाली दोन खुर्च्या टाकल्या. मी दुपारभर बोलले. चूक माझी, चूक तिची, स्थळ किती चांगलं होतं, मामा किती हावरट निघाले, सगळं. पाळकसाहेब खुर्ची पुढं ओढून माझ्या तोंडाकडं बघत बसले. हं, मंग? हं, मंग? मध्ये एकदा डोळे पुसले त्यांनी. घड्याळाकडं नाही बघितलं.

उठताना डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. नेहमीसारखी मोठ्यानं, रस्त्यावरची सायकल थांबली एवढ्या मोठ्यानं. पण त्या प्रार्थनेत हिमानीचं नाव नाही, स्थळाचं नाही, भांडणाचं नाही. ‘प्रभू, या लेकराच्या मनात जे आहे ते तुला माहीत आहे.’ एवढंच. मला वाटलं, काय हे शहाणपण! रस्त्यावर पोरीचं नाव नको म्हणून.

घरी आले तेव्हा अंगातून ताप उतरल्यासारखं वाटत होतं.


गुरुवार, २० फेब्रुवारी

आज संध्याकाळी प्रज्वल पाळक आले. माणिकरावांनी त्यांना खरं सांगितलं म्हणे. तुमचा संदेश लांब असतो आणि पुण्यात कोणी कसं वागलं त्याची उदाहरणं आम्हाला लागू पडत नाहीत.

बिचारे बसले. चहा घेतला. मग सुरू झाले. जिथं जावं तिथं दयाराम पाळक. दयाराम पाळक असते तर चालत आले असते. दयाराम पाळक असते तर आणखी एक पोळी घेतली असती. माणिकरावांच्या सासूबाई वारल्या तेव्हा तर दयाराम पाळक ऐकल्याबरोबर “प्रभूची स्तुती असो” म्हणाले होते, मरणातही स्तुती, केवढा विश्वास! (ही गोष्ट माझ्याही तोंडून त्यांनी ऐकली आहे.) त्यांची बरोबरी मी कशी करू? मला कोणी एकदाही विचारलं नाही की तुम्हाला इथं करमतं का. पुण्याला परत बदली मागावी असं वाटतं.

बदली मागू नका, इथली संत्री खा, उन्हाळ्यात टोपी घाला, संदेश अर्धा करा — हे चारही सल्ले माझ्या तोंडात रांगेत उभे होते.

“हं,” मी म्हटलं. “मंग?”

अंधार पडेपर्यंत बोलले. जाताना स्वतःच म्हणाले की या रविवारी संदेश थोडा आटोपशीर ठेवतो. आणि बदलीचं आत्ताच नको बघायला.

पायरीवरून वळून म्हणाले, “दयाराम पाळक ऐकायचे म्हणतात, अगदी तसं ऐकता तुम्ही.”

मी दार लावलं आणि आरशात बघितलं. काही फरक दिसला नाही.


रविवार, २३ फेब्रुवारी

संदेश आटोपशीर झाला. मंडळीत एकही माणूस झोपला नाही, वेळच मिळाला नाही. बाहेर पडताना सगळे माणिकरावांना सलाम करत होते.

माणिकरावांचं दुकान म्हणे जोरात चाललं आहे. बाया लांबून येतात, फक्त विचारायला — हे मला शोभतं का हो, खरं सांगा. घेतल्याशिवायही जातात काही. पण घेतात त्या परत करत नाहीत.

फोन आला. माझ्या फोनवर.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

ह्यांनी तोड काढली आहे. कोणी खायला दिलं की हो म्हणतात, बसतात, एक घास खातात आणि मग त्या एका घासाचं इतकं कौतुक करतात की वाढणारी बाई हात थांबवून ऐकतच राहते. बाकीचं डब्यात भरून अन्नपूर्णाबाईकडं. ती चांगली तजेलदार दिसायला लागली आहे. आवाजही वाढला आहे.


शनिवार, १ मार्च

दुपारच्या गाडीनं हिमानी आली! सांगितलं नव्हतं. हे स्टँडवर उगाच बसायला जातात, तिथंच भेटली त्यांना.

वाळली आहे. केस कमी झालेत. सँडलची टाच मोडलेली. मी दारात उभी. बघितलं, पोटाशी धरलं, पाणी दिलं. पोळ्या करायला घेतल्या. ती ओट्याजवळ येऊन माझ्याकडं बघत उभी राहिली.

“बोल आई. फुटशील.”

महिना उद्या संपतो, म्हटलं.

“एक सल्ला दे. माझ्यातर्फे सूट. फक्त एक.”

एकच! मी पोळी तव्यावर टाकली आणि विचार करत राहिले. वजनाचा देऊ, केसांचा देऊ, तपासणीचा, टाचेचा, रात्रीच्या जागरणाचा? निवडता येईना. पोळी करपली. ती ओट्याला टेकून हसत होती, आणि मला तेवढ्यात दिसलं की हसताना ती डावा खांदा जरा जपते.

“गरम खाऊन घे,” म्हटलं.


रविवार, २ मार्च

स्मरणसभा झाली.

फ्लेक्स माणिकरावांनी छापून आणला होता. फोटो छान. खाली लिहिलेलं — ‘कै. दयाराम पाळक यांच्या प्रथम स्मृतिदिनानिमित्त हार्दिक अभिनंदन’. प्रज्वल पाळकांचा चेहरा पांढरा पडला. माणिकराव उठून म्हणाले, नमुना वाचायला दिला होता, मी न वाचता हो म्हटलं, हे खरं आहे. लोक इतके हसले की रडायला आलेल्यांचीही पंचाईत झाली.

मग प्रत्येकानं सांगितलं. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माइक धरला आणि उलटा धरला. अन्नपूर्णाबाई बोललीच नाही, सरळ गायला लागली. तिची पट्टी कुठलीच नव्हती. पहिलं कडवं ती एकटीच. दुसऱ्या कडव्याला पेटीवाल्यानं पट्टी शोधणं सोडून दिलं आणि सगळी मंडळी उभी राहून जशी जमेल तशी गायला लागली. प्रज्वल पाळक सगळ्यांत मोठ्यानं. त्यांचा सूर लागत नाही हे आज कळलं. फार बरं वाटलं.

माझी पाळी आली. मंडळी सावरून बसली, कारण मी माइक घेतला की दुपार होते हे सगळ्यांना माहीत आहे. मी उभी राहिले. मागच्या बाकावर हिमानी.

“पाळकसाहेब ऐकत व्हते,” मी म्हटलं. “मी अजून शिकून राह्यले.”

आणि बसले.

कोणाला खरंच वाटेना. पुढच्या बाकावरून एकीनं पाणी आणून दिलं, चक्कर आली का म्हणून.

एकच उणं राहिलं, मंजुळाबाई नव्हत्या. पाळकसाहेबांच्या पत्नी वडनेर भोलजीला भावाकडं राहतात, गुडघ्यांमुळं प्रवास होत नाही. त्यांच्यासाठी सभेनंतर वाटलेला केक ठेवला आहे. मंगळवारी मीच नेऊन देते.


मंगळवार, ४ मार्च

वडनेरला जाऊन आले. मंजुळाबाईंना महिन्याचं सगळं सांगितलं. ऐकून घेण्याचं सांगितलं, पाळकसाहेबांनी आंब्याखाली माझं दुपारभर कसं ऐकलं तेही सांगितलं. त्या केकचा तुकडा हातात धरून माझ्याकडं बघत राहिल्या.

“बाई, त्यायले ऐकूच येत नव्हतं. शेवटचे सात-आठ वर्सं. पार ठार बहिरे. कोनाले सांगू नको म्हने.”

मी विचारलं, आणि ते गाणं?

“म्हनून तं.”

आणि जेवायला कधी नाही न म्हणणं?

“काय इचारलं तेच समजे नाही. मान हालवून देत.” मग म्हणाल्या, “मशीन घेतली व्हती एकदा. लावून पाह्यली. चार दिसानं काढून ठेवली. म्हने, मंजुळा, हिच्यानं शब्द ऐकू येतात, पन मंग मानसाचं तोंड पाहाचं राहून जाते.”

दोघी खूप हसलो. मग बराच वेळ नाही हसलो.

परत येताना नांदुऱ्याहून गाडीला गर्दी. शेजारच्या बाईनं बसल्या बसल्या काहीतरी सांगायला सुरुवात केली. खिडक्यांच्या खडखडाटात एक शब्द ऐकू येईना. मी पिशवी पायाशी ठेवली आणि जळगाव जामोद येईपर्यंत तिच्याकडं तोंड करून बसले.